कच्च्या लिंबाला पण डाव पाहिजे

मी कच्चं लिंबू होते. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी लगोरी रंगायची तेव्हा मी पाच-सहा वर्षांची, दादा आणि त्याची पोरं दहा-बारा वर्षांची, आणि आईनं दादाला दम दिलेला असायचा की हिला घेऊन खेळणार असशील तर जा नाहीतर बस घरात पाढे म्हणत. मग काय, घ्यायलाच लागायचं. डाव सुरू व्हायच्या आधी कोणतरी ओरडायचं, "ही कच्चं लिंबू हां रे!" आणि विषय संपला. म्हणजे मी पळणार, चेंडू अडवणार, कौलाच्या खापऱ्या रचायला मधे घुसणार, खरं मला चेंडू लागला तरी मी आउट नाही. (आमच्या बेळगावात 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' येतंय, पुढं पण येत राहील, सांभाळून घ्या.) असं दोन वर्षं चाललं. मग एका संध्याकाळी पाठीत चेंडू बसला आणि कुणी काहीच बोललं नाही, दादानं नुसतं बोटानं खुणावलं, हो बाहेर. मी रडत घरी गेले. आई विचारतेय काय झालं, आणि मला सांगताच येईना, कारण पाठ दुखत होती म्हणून रडू येत होतं आणि आउट झाले म्हणजे आता मी पक्की झाले म्हणून हसू पण येत होतं.

हा नियम कुठल्या फेडरेशननं केला नाही, कुठल्या मास्तरनं शिकवला नाही. पोरांनी पोरांसाठी काढलेला. आणि आज ज्या मीटिंगला जावं तिथं, शाळेची पालकसभा असू दे नाहीतर गल्लीतल्या मंडळाची बैठक, एकच रडगाणं ऐकू येतं की हल्लीची पोरं हालत नाहीत, मोबाईल धरून बसतात, पोट सुटायलेत, दोन जिने चढले की धापा टाकतात. सगळं खरंय. आणि मग उपाय म्हणून कोणतरी उठून म्हणतो, एक टूर्नामेंट घेऊया. टूर्नामेंट! म्हणजे ज्यांना खेळता येतंय ते अकरा-बारा जण खेळणार आणि बाकीची दोनशे पोरं कडेला उभं राहून व्हिडिओ काढणार. माझं म्हणणं एवढंच आहे की पोरं मोबाईलमुळं बसली नाहीत, आपण त्यांना बसवलं, खेळातनं कच्चं लिंबू काढून टाकलं आणि मग विचारत बसलो की मैदानावर कोणच कसं येईना.

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत (नाव नको, आमच्याकडच्या बऱ्याच शाळांत हेच असतं) तालुक्याच्या स्पर्धेसाठी खोखोची टीम निवडली. मैदानावर एक लाइन लावून पळवलं, पहिल्या बारा घेतल्या, झालं. उरलेल्या तीस-चाळीस पोरी रोज प्रॅक्टिसच्या वेळेला पायरीवर बसून टीमच्या पोरींच्या बॅगा आणि पाण्याच्या बाटल्या राखतात. मी तिला विचारलं, तुम्ही बाजूला आणि एक डाव का मांडत नाही? तर म्हणते, सर म्हणाले ग्राउंड मोकळं ठेवा, सिलेक्शनवाल्यांना डिस्टर्ब होतंय. खोखो म्हणजे बसलेल्याला उठवायचा खेळ हो! पाठीत थाप मारून 'खो' म्हटलं की बसलेलं माणूस पळायला लागतं, तेच तर त्या खेळाचं मर्म. आणि त्याच खेळाच्या नावावर चाळीस पोरी पायरीवर बसवल्यात, त्यांना खो कोण देणार? पुढच्या वर्षी एसएसएलसी (आमच्या कर्नाटकातली दहावी), म्हणजे पीटीचा तास गणिताला गेला. नंतर पीयूसी (अकरावी-बारावी), नीट, सीईटी. संपलं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वयाच्या पोरांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं काहीतरी करावं, आणि आठवड्यातनं तीन दिवस तरी हाडं-स्नायू मजबूत होतील असं. त्या संघटनेच्याच लोकांनी २०१९ साली १४६ देशांतल्या सोळा लाख विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला, त्यात अकरा ते सतरा वयातली ८१ टक्के पोरं एवढं पण हालत नाहीत असं निघालं, मुलगे ७८ टक्के आणि मुली ८५. म्हणजे हे काय फक्त शहापूर-वडगावचं दुखणं नाही. खरं एक बघा, त्या ६० मिनिटांत 'जिंकलं पाहिजे' अशी अट कुठंही नाही. लगोरीत हरलेल्याचं हृदय पण तेवढंच धडधडतंय की.

आता मोबाईलचं. मोबाईलला शिव्या घालणाऱ्यांना मी नवरात्रातली दुर्गामाता दौड बघायला सांगते. बेळगावकरांना हे वेगळं सांगायला नको, खरं बाहेरच्यांसाठी सांगते, घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रोज पहाटे, अजून नीट उजाडलेलं नसतं तेव्हा हजारो पोरंपोरी पांढरे कपडे घालून, टोप्या-फेटे बांधून भगव्या ध्वजामागनं शहरभर पळतात, अनवाणी पण पळतात, आणि बायका त्यांच्या वाटेवर रांगोळ्या काढून, फुलं घेऊन उभ्या असतात. त्यातल्या घोषणा, त्यामागचं राजकारण याबद्दल माझी मतं वेगळी आहेत आणि घरात त्यावरनं वादही होतात, ते आज सोडा. खरं एक माणूस म्हणून डोळ्यांनी जे दिसतंय ते नाकारू कसं? जो पोरगा एरवी आठ वाजता तीन हाका मारल्यावर उठतो तो साडेचारला स्वतः अलार्म लावून उठतो. मोबाईलवरच लावतो अलार्म! पाच-सहा किलोमीटर पळतो आणि त्याला कुणी सांगत नाही की हा व्यायाम आहे. का जातो? कारण सगळी गल्ली जाते. कारण छातीवर नंबर नाही, पहिला-दुसरा नाही, शेवटच्याला कुणी हसत नाही, दमलास तर चाल, परत पळ. आठवीतलं पोरगं पळतं आणि बँकेतनं रिटायर झालेले काकाही पळतात. आणि मग दसरा होतो, सोनं वाटून होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तीन हाका. म्हणजे पोरगं आळशी नव्हतंच, त्याला पळायला जे लागतंय ते नऊ-दहा दिवसच मिळतंय.

असंच झांज पथकाचं आणि लेझीमचं. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने बेळगावात संध्याकाळी कुठल्याही मोकळ्या जागेकडनं गेलं की झांजांचा आवाज येतोच. जिमवाल्यांनी कितीही आरसे लावू देत, दोन तास लेझीम हातात घेऊन वाकून, उडी मारून, बसून, उठून, परत वाकून खेळल्यावर जो घाम येतो तो ट्रेडमिलवर येत नाही, आणि ट्रेडमिलवर शेजारचा माणूस तुमच्या चुकीवर हसून "उजवा पाय रे मर्दा" म्हणत नाही. माझ्या चुलत बहिणीची पोरगी, शाळेत कधी कुठल्या खेळात नाव दिलं नाही, जाड म्हणून चिडवून घेतलेली, ती पथकात गेली. पहिले पंधरा दिवस तिला मागच्या रांगेत ठेवलं, ताल चुकला तरी चालतंय, नुसतं सोबत उभं राहून हात हलव म्हणाले. हे काय आहे मग? कच्चं लिंबूच की! मिरवणुकीच्या रात्री ती दुसऱ्या रांगेत होती. तिला कुणी वजन कमी कर म्हणालं नव्हतं, आणि ते कमी झालं का वाढलं ते मी विचारलंही नाही, खरं पोरगी जिना चढताना कठडा धरायची सुटली. आता एवढं चांगलं चाललेलं असताना दुसरीकडं काय होतंय तर डीजे. डीजे आला की पथक नको, वाजवणारा एक आणि नाचणारे दहा, बाकीचे कानात बोटं घालून. मी आवाजाबद्दल बोलतच नाही, त्यावर बाकीचे बोलतात. डीजेच्या एका गाडीनं चाळीस-पन्नास पोरांचा दोन महिन्यांचा व्यायाम खाल्ला, हे कोण मोजत नाही.

जुन्या खेळांचे नियम नीट बघितले तर गंमत कळते. कबड्डीत गडी मेला तरी कायमचा मरत नाही, आपल्या माणसानं पलीकडचा एक मारला की हा जिवंत होऊन परत आत. डबा ऐसपैसमध्ये एकानं धावत येऊन डबा उडवला की पकडलेले सगळे सुटतात. गल्ली क्रिकेटमध्ये पण पोरांनी साहेबाचे नियम बाजूला ठेवून आपले केलेत, पहिला बॉल ट्रायल, गडी विषम झाले तर एक जण 'कॉमन', तो दोन्हीकडनं बॅटिंग करणार, आणि धाकट्याला हळू बॉल टाकायचा. ह्या सगळ्या नियमांचं काम एकच, कुणी फार वेळ बाहेर बसू नये. उलट लेदर बॉलची अकादमी बघा. पोरगं पहिल्या बॉलला आउट झालं की उरलेला वेळ पॅड सोडत, बाटलीनं पाणी पीत बसतं, फील्डिंगला बाउंडरीवर उभं राहून शर्टाची बटणं मोजतं आणि त्याचा बाप महिन्याची फी भरतो. दोन तासांत ते पोरगं किती मिनिटं पळालं हे एकदा कुठल्याही बापानं घड्याळ लावून बघावं. मी बघितलंय माझ्या भाच्याचं, अकरा मिनिटं. आणि रविवारी आजीच्या अंगणात शिवाशिवी खेळताना त्याला पाऊण तासात पाणी प्यायला पण थांबवता येईना.

मैदानांचं दुखणं तर विचारू नका. कुठलं मैदान म्हणून नाव घेत नाही, खरं शहरात मोठी मैदानं चार-पाच, आणि त्यावर हिवाळा सुरू झाला की कुठल्यातरी पुढाऱ्याच्या नावाचा चषक. गॅलरी बांधणार, लाइट लावणार, बाहेरच्या गावातनं पैसे देऊन खेळाडू आणणार, लाखांत बक्षीस. दोन आठवडे मैदान बंद. मग प्रदर्शन, मग सभा, मग कुणाचंतरी लग्न. त्या खड्ड्यांत आणि खिळ्यांत नंतर अनवाणी पाय कोण घालणार? ज्यांच्याकडं पैसे आहेत ते टर्फवर जातात, तासाला मोजून पैसे, दहा जणांनी वाटून घ्यायचे, आणि पैसे भरले की कच्चं लिंबू परवडत नाही. हे लक्षात घ्या, फार मोठी गोष्ट आहे ही. गल्लीत डाव फुकट असतो म्हणून धाकटा भाऊ खपतो, टर्फवर तासाला पैसे मोजलेत म्हणून "ह्याला कशाला आणलास बे" सुरू होतं.

आणि दुसरीकडं गावागावांत सरकारी मराठी शाळांची आवारं संध्याकाळी कुलूप लावून रिकामी पडलेली. शाळा सुटली की गेट बंद. पट कमी झाला, वर्ग कमी झाले, सीमाभागात मराठी शाळांचं काय चाललंय ते आपण बघतोयच, त्यावर मोर्चे निघतात, निवेदनं जातात, जायलाच पाहिजेत. खरं त्या आवारात संध्याकाळी पाच ते सात गावची पोरं खेळायला लागली तर शाळा गावाच्या डोळ्यासमोर तरी राहील, असं मला वाटतं. खेळायला भाषा लागत नाही ही पण एक सोय. आमच्या बाजूच्या मैदानावर कबड्डी चालते तिथं मराठी पोरं पण "हिडी, हिडी!" (कानडीत 'धर, धर') असंच ओरडतात आणि कानडी पोरं "सोडू नको" म्हणतात, दोघांनाही कळतंय कुणाचा पाय धरायचा ते. एक नोव्हेंबरला, एकीकडं कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिवस, मोठी माणसं दोन बाजूंना उभी असतात, दोन तारखेला संध्याकाळी पोरं परत एकाच चुन्याच्या रेषेत.

आता एक नाजूक विषय, भरती. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं ट्रेनिंग सेंटर १९२२ पासून आहे, आणि खानापूर, चंदगड, निपाणी ह्या भागातल्या घराघरांत एकतरी फौजी. त्यामुळं आमच्या खेड्यात पोरगं पळायला लागलं की लोक विचारतात, कधी आहे भरती? पळणं म्हणजे भरती, दुसरं काय कारण असणार! माझ्या मावशीचा नातू जांबोटीच्या बाजूला राहतो, तो सतराव्या वर्षापासून रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळायचा. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं की पूर्ण ६० मार्क, दहा बीम (पुल-अप्स) काढल्या की ४० मार्क, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस अशी ठरली, पहिल्या वर्षापुरती तेवीस केली. हा दोनदा गेला, एकदा पळण्यात मागं पडला, एकदा मेडिकलला. आणि एकवीस उलटल्या दिवशी त्यानं पळायचे बूट माळ्यावर टाकले. परवा भेटला तर तेवीसचा पोरगा, दंड तसेच आहेत, खरं पोट पुढं आलंय. मी म्हटलं, पळायचं का सोडलास रे? म्हणतो, "आता कशाला मावशी?" ह्या 'आता कशाला'चं उत्तर माझ्याकडं नव्हतं. चार वर्षं रोज पळून त्या पोराला पळण्यात एकदाही मजा आली नसेल काय? आली असणार, खानापूरच्या त्या धुक्यात, झाडीतनं, चार मित्र सोबत. खरं आपण सगळ्यांनी मिळून त्याला पटवून दिलेलं की पळण्याचा निकाल लागतो, आणि त्याचा निकाल लागला होता.

मुलींचं आणि वेगळं. बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरी गावची मलप्रभा जाधव, २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये कुराश ह्या कुस्तीसारख्या खेळात ५२ किलो गटात ब्राँझ घेऊन आली तेव्हा केवढे फलक लागले होते, शेतकऱ्याघरची पोरगी, आम्हाला सगळ्यांना अभिमान. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खोखोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या पोरींनी आणि पोरांनी दोघांनीही फायनलला नेपाळला हरवलं, तेव्हा पण माझ्या मुलीनं टीव्हीपुढं उड्या मारल्या. चांगलंच आहे. खरं फलक बघून आई-बाप दोनच प्रकारचे होतात, एक म्हणतात आमची पण मेडल आणणार आणि तिला पाचला उठवून रडवतात, दुसरे म्हणतात आमचीला कुठं तसलं जमतंय आणि तिला घरात बसवतात. मधली जागाच नाही. मेडल पण न आणणारी आणि घरात पण न बसणारी, नुसती संध्याकाळी तासभर घामाघूम होऊन येणारी पोरगी, हिच्यासाठी गावात जागा कुठं आहे सांगा. पूर्वी होती. पंचमीला झोके बांधायचे, मोठ्या झाडाला, आणि उभं राहून असला झोका चढवायच्या आमच्या आत्या की पायाला फांदी लागायची. गौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा, रात्रभर. दंडफुगडी पंधरा मिनिटं घालून बघा एकदा, मांड्या भरून येतात. आमच्या आज्ज्यांना कुणी कार्डिओ म्हणून सांगितलं नव्हतं, सासूच्या नजरेआड हसायला मिळतंय म्हणून त्या नाचायच्या. त्या काळाचं मला काय फार कौतुक नाही, त्या बायकांना वर्षातनं दोन-चारच रात्री मोकळ्या मिळायच्या, तेवढ्या पुरेशा नव्हत्या. खरं त्या रात्रींत जाड, बारीक, काळी, गोरी, पोटुशी सोडून सगळ्या फेरात असायच्या, हे कसं विसरू? आणि आज माझी मुलगी बंद खोलीत रील्सवर नाचते त्याला घरात बोलणी बसतात. मी म्हणते नाचू दे. फक्त खोलीतनं गच्चीवर ये, आणि आणखी चार जणी बोलाव.

माझ्या नवऱ्याला हे सगळं पटत नाही. तो शाळेत असताना जिल्ह्याला खेळलेला माणूस. त्याचं म्हणणं, जिंकायचंच नसेल तर खेळायचं कशाला, असं लाडात खेळवून पोरं मऊ होतात, कच्चं लिंबू आयुष्यभर कच्चंच राहतं. त्याच्या बोलण्यात अजिबात तथ्य नाही असं नाही, चुरस नसेल तर खेळात मीठ राहत नाही, मला पण माहीत आहे, लगोरीत आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात. खरं प्रश्न चुरस असावी का नाही हा नाहीच, कितव्या वर्षापासून आणि किती जणांसाठी हा आहे. नॉर्वे म्हणून देश आहे, लोकसंख्या पंचावन्न लाखाच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेत आमच्या एकट्या बेळगाव जिल्ह्याची जवळपास अठ्ठेचाळीस लाख होती, त्याच्याहून थोडी जास्त. तिथं पोरांच्या खेळासाठी १९८७ पासून नियम आहेत, अकरा वर्षांपर्यंत निकालाची यादी, रँकिंग लावायचं नाही, राष्ट्रीय स्पर्धेला तेराव्या वर्षाआधी घ्यायचं नाही. म्हणजे अकरा वर्षांपर्यंत अख्खा देश कच्चं लिंबू! आणि हाच देश २०१८ च्या विंटर ऑलिम्पिकमध्ये ३९ पदकं घेऊन सगळ्यांत वर, २०२२ ला १६ सुवर्णपदकं घेऊन परत सगळ्यांत वर. बर्फाचे खेळ आहेत, पैसा आहे त्यांच्याकडं, सगळं श्रेय त्या नियमालाच असं मी म्हणणार नाही. खरं नवऱ्याचं 'मऊ होतात' तेवढं तरी बाद झालं. तो त्यावर म्हणाला, तिथं थंडी असते. आता ह्याला काय बोलणार.

लंडनच्या एका पार्कात २००४ च्या ऑक्टोबरात तेरा जणांनी पळायला सुरुवात केली, पार्करन म्हणतात त्याला, आता बऱ्याच देशांत दर शनिवारी फुकट पाच किलोमीटर असतंय. त्यात मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागनं चालत येतो, त्याचं कामच शेवटचा यायचं, म्हणजे आलेल्यांपैकी कुणीच शेवटचा ठरत नाही. हे आपल्याला सुचायला काय हरकत होती? दौडीत आपण करतोच की जवळजवळ. दसऱ्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तीच गल्ली, तीच पोरं, ध्वज नको की घोषणा नको, टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपोच्या झाडीतनं एक फेरी, नाहीतर सायकली काढून येळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत, चढ लागला की उतरून ढकलायची सायकल, वर जाऊन वारा खायचा, घरनं बांधून नेलेली भाकरी खायची आणि उतारावर बोंब मारत यायचं. मागं एक मोठं माणूस ठेवायचं, शेवटचं यायला. त्या कामाला मी तयार आहे, मला दुसरा पर्यायही नाही, माझे गुडघे तसलेच आहेत.

तालमींचं पण बोलायला पाहिजे. कुस्तीवर आमच्याकडं जीव ओवाळून टाकणारी माणसं आहेत, आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान असलं की पाय ठेवायला जागा नसते. खरं गल्लीतल्या तालमीत रोज माती उकरणारी पोरं किती उरलीत? जी आहेत ती कुस्ती करणारीच. कुस्ती न करणाऱ्या पोरानं नुसतं येऊन माती उकरावी, चार जोर, दहा बैठका माराव्यात, दोरीवर चढायचा प्रयत्न करावा, पडावं, हसावं, असं दार उघडं असलं तर पोरं येतील. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद घालतात तशी लिंबं पण पिळतात, म्हणजे परंपरेनं लिंबाला तिथं जागा आहेच, एवढं वस्ताद लोकांनी लक्षात घ्यावं.

पावसाचा मुद्दा राहिला. बेळगावचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे भाताचं शेत, आणि खानापूरकडं तर विचारूच नका. चार महिने पोरं घरात, आणि चार महिन्यांत बसायची सवय लागली की मग ऑक्टोबरात उठवायची कशी? थोडं भिजू द्यावं, चिखलात फुटबॉल खेळण्यासारखं सुख नाही आणि गरम पाण्यानं अंघोळ घातली की पोरगं मरत नाही, हे माझं मत आयांना आवडत नाही. तर दुसरं सांगते. आषाढी ते कार्तिकी लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात. म्हणजे नेमक्या पावसाच्या महिन्यांत शहरातली आणि मोठ्या गावांतली मंगल कार्यालयं आठवड्यातनं पाच दिवस झाडून-पुसून रिकामी पडलेली असतात. वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, पंखे, पाणी, संडास, सगळं आहे. तिथं संध्याकाळी दोन तास झिम्मा खेळा, दोरीउड्या मारा, लंगडी घाला, झांजेची प्रॅक्टिस करा, खांब-खांबोळी खेळायला तर खांबच खांब.

हे मी नुसतं लिहीत नाही, गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका कार्यालयाच्या मालकाकडं गेले होते विचारायला. भला माणूस, चहा दिला, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, पोरं येतील, मोठी पण येतील, ज्याला येतंय तो आणि ज्याला येत नाही तो पण, आषाढीनंतर दोन महिने. त्यांनी वही काढली.

"स्पर्धा कसली लिहू?"

"स्पर्धा नाही. नुसतं खेळायचं."

"बरं. बक्षीस वितरणाला स्टेज लागेल काय?"

"बक्षीस नाही."

"मग पाहुणे कोण येणार?"

"कोण नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि माझ्याकडं बराच वेळ बघितलं. म्हणाले, "खरं सांगू काय ताई, लग्नाचा रेट आहे, मुंजीचा आहे, बारशाचा वेगळा आहे, मीटिंगचा आहे. ह्याचा रेट काय लावू तेच मला कळेना. दोन दिवसांनी या."

दोन दिवसांनी गेले तर ते गावाला गेलेले. परत उद्या जाणार आहे, मुलीला घेऊन. ती म्हणतेय, बारशाच्या रेटमध्ये बसतंय काय विचारू.